हजेरी शिकवणाऱ्याची

एका कागदावर चार प्रकारचा मजकूर छापलेला असतो. सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. घराच्या ओट्यावर मुलाशेजारी मांडी घालून बसायचं आणि आधी उतारा पुढे धरायचा. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. मूल वाचनाच्या कोणत्या पायरीवर उभं आहे, हे काही मिनिटांत कळतं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं २००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची ही पद्धत. हा कागद घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांत मोठा भरणा तरुणांचा असतो. कुणी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले (डाएट) छात्राध्यापक, कुणी जवळच्या कॉलेजातले विद्यार्थी, कुणी स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते.

देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली किती मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात? २०१८मध्ये २७.३ टक्के. करोनानंतर, २०२२मध्ये, २०.५ टक्के. २०२४मध्ये २७.१ टक्के. घसरण भरून निघाली, याचा आनंद मानायला हरकत नाही. पण भरून निघाल्यावरही तिसरीच्या चार मुलांपैकी जवळजवळ तिघांना गेल्या वर्षीचं पुस्तक वाचता येत नाही. तिसरीपासून पुस्तकं असं गृहीत धरून लिहिलेली असतात की वाचायला शिकण्याचं काम संपलं, आता वाचून शिकायचं. ज्याचं पहिलं काम झालेलं नाही, त्याच्यासाठी परिसर अभ्यास काय आणि गणितातलं शाब्दिक उदाहरण काय, सगळंच बंद दार.

सर्वेक्षण करणारा तरुण नोंद करून पुढच्या घरी जातो. मूल ओट्यावरच राहतं. त्याच्या शेजारी रोज तासभर बसायला कुणी तरी हवं असतं. आई-वडील कामावर, वर्गात शिक्षक एक आणि मुलांच्या पातळ्या पाच, खासगी शिकवणी परवडत नाही. मग कॉलेजच्या मुलांची आठवण होते. त्यांच्याकडे वेळ असतो, उत्साह असतो, मुलांशी वयाचं अंतर फारसं नसतं, आणि पगार द्यावा लागत नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांत महाराष्ट्रात यातून बरंच काही उभं राहिलं, बरंच विरूनही गेलं. टिकलं ते का टिकलं हे तपासायला गेलं, की शिकवणाऱ्याची हुशारी फार खालच्या क्रमांकावर येते. तो ठरल्या वेळी, ठरल्या मुलांसमोर, सत्र संपेपर्यंत येत राहिला का, हा प्रश्न सगळ्यात वर येतो.

कुलाब्यातली सुरुवात

मुंबईत या कामाचा माग काढला की पावलं कुलाबा-कफ परेडकडे वळतात. १९८८ साली निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांच्या विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी इथल्या वस्तीतल्या मुलांसाठी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केलं. मुलं शाळेत का टिकत नाहीत, याचं उत्तर वस्तीतच मिळत होतं. पाणी भरायचं, धाकट्या भावंडाला सांभाळायचं, बंदरावर मासळी निवडायला जायचं, आणि मग उरलेल्या वेळात शाळा. म्हणून शाळाच दारात न्यायची. पुढे ही संस्था पुण्यात बांधकाम मजुरांच्या मुलांपर्यंत पोहोचली, आणि १९९८मध्ये तिनं बसमध्ये वर्ग भरवायला सुरुवात केली. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य आणि मुलांचं शिकणं इथं पहिल्यापासून एकमेकांत गुंफलेलं होतं.

त्याच परिसरात, त्यानंतर काही वर्षांतच, सेंट झेवियर्समध्ये शिकणाऱ्या शाहीन मिस्त्री वस्तीत जाऊ लागल्या. शाळा सुटल्यावर रिकामा पडणारा एखादा वर्ग मिळावा म्हणून त्यांनी शाळांचे उंबरे झिजवले. बहुतेकांनी नकार दिला. अखेर कुलाब्यातल्या एका शाळेनं खोली दिली आणि पंधरा मुलांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला कॉलेजातले मित्र-मैत्रिणी. हे ‘आकांक्षा’चं पहिलं केंद्र. उसनी जागा, उसना वेळ आणि विनामोबदला शिकवणारे विद्यार्थी, अशी ती मांडणी होती.

पुढं काय झालं, ते महत्त्वाचं. ‘आकांक्षा’ दुपारच्या दोन-तीन तासांवर थांबली नाही. तेवढ्यानं पुरत नाही हे दिसल्यावर तिनं महापालिकांच्या सहकार्यानं पूर्ण वेळेच्या शाळा चालवायला घेतल्या. मिस्त्री यांनीच पुढे ‘टीच फॉर इंडिया’ सुरू केली. तिची पहिली तुकडी २००९ साली मुंबई आणि पुण्यातल्या वर्गांत गेली, आणि तिथं जाणाऱ्या पदवीधरांना अट होती सलग दोन वर्षं, पूर्ण वेळ, मानधनावर. ज्यांनी स्वयंसेवकांच्या भरवशावर सुरुवात केली, त्यांनीच अनुभवाअंती आठवड्याच्या काही तासांकडून दोन वर्षांकडे जावं, यात या क्षेत्राचा मोठा धडा आहे.

त्याच्या बऱ्याच आधी, १९९४-९५मध्ये, युनिसेफ आणि मुंबई महापालिकेच्या साथीनं ‘प्रथम’ उभी राहिली. माधव चव्हाण रसायनशास्त्राचे प्राध्यापक, फरीदा लांबे पुन्हा निर्मला निकेतनच्याच. त्यांनी वेगळी वाट धरली. बाहेरच्या कॉलेजातून कुणाला आणण्यापेक्षा वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी बालवाडी का चालवणार नाही? ती उद्याही तिथंच असणार होती.

साडेपाच ते सात

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये, समाजमंदिरांच्या खोल्यांतून संध्याकाळी अभ्यासिका भरतात. सतरंजी, एक फळा, लोखंडी कपाट, कपाटात गोष्टींची पुस्तकं आणि खडूचे तुकडे. साडेपाचला आधी मुलं येतात, मग कॉलेजची ताई-दादा मंडळी. कुणी वाणिज्य शाखेत दुसऱ्या वर्षाला, कुणी डिप्लोमा करणारा, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करत सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारी. मुलं त्यांना ‘ए ताई’, ‘ए दादा’ म्हणतात, बिनधास्त एकेरीत. बाईंना जे विचारता येत नाही ते इथं विचारता येतं.

एका कोपऱ्यात चौथीतला मुलगा वजाबाकी करत होता. बावन्नातून सदतीस. त्यानं उत्तर लिहिलं पंचवीस. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन घालवले होते. दादा इंजिनिअरिंगचा. त्यानं हातच्याचा नियम सांगितला, पुन्हा सांगितला, जरा मोठ्या आवाजात तिसऱ्यांदा सांगितला. मुलगा दर वेळी मान डोलवत होता आणि पुढच्या उदाहरणात तेच करत होता. शेवटी शेजारच्या ताईनं कपाटातून काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. “मला सदतीस दे.” त्यानं तीन गठ्ठे दिले. मग सुट्या दोन काड्या हातात घेऊन थांबला. सात हव्यात, आहेत दोन. थोडा वेळ गठ्ठ्याकडे बघत राहिला आणि विचारलं, “ह्याचं रबर काढू का?”

“काढ की.”

एक गठ्ठा सुटला, बारा झाल्या, सात दिल्या. एक गठ्ठा आणि पाच काड्या उरल्या. पंधरा. मग वहीतलं पंचवीस त्यानं स्वतःच खोडलं.

ती ताई कला शाखेची होती. ती मूळची नगर जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. काड्यांचे गठ्ठे तिनं स्वतः हाताळले होते. दादाला वजाबाकी इतकी सवयीची झाली होती, की ती कुणाला का येत नसेल, हेच त्याला सुचत नव्हतं. कॉलेजच्या मुलांबरोबर अशा ठिकाणी थोडा वेळ बसलं की हे वारंवार दिसतं. जे स्वतः अडखळत शिकले ते अडलेला दगड लवकर ओळखतात. हुशारांना तो दिसायला वेळ लागतो, आणि हा वेळ मिळण्यासाठी त्यांनाही अनेक आठवडे येत राहावं लागतं.

वाचनाचंही तेच. काना-मात्रा-वेलांटीपर्यंत मुलं बरी येतात. खरी दमछाक जोडाक्षरांशी. ‘सूर्य’मधला रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र त्याच्या आधी. त्यात घरची भाषा गोरमाटी, वडारी किंवा हिंदी असेल तर पुस्तकातला निम्मा शब्दसंग्रह परका. अशा वेळी घरी तीच भाषा बोलणारा एखादा दादा गटात असला तर दहा दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. अभ्यासिका चालवणाऱ्यांना हे नीट ठाऊक असतं. म्हणून ते येणाऱ्या विद्यार्थ्याला टक्केवारी विचारत नाहीत; गाव कुठलं, घरी काय बोलता, हे विचारतात.

आणि ते रजिस्टर दाखवतात. त्यात मुलांच्या हजेरीची पानं असतात तशीच ताई-दादांचीही असतात. दुसऱ्या पानांवर ऑगस्टमध्ये फुल्या कमी, सप्टेंबरात जास्त, आणि सत्र परीक्षेच्या महिन्यात जवळजवळ सगळ्या फुल्याच. त्याच महिन्यात मुलांच्या पानांवरही फुल्या वाढलेल्या. आपली ताई येत नाही म्हटल्यावर मूलही येत नाही. अभ्यासिकेची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या वस्तीतल्याच बाई, बारावी झालेल्या, शिवणकाम करणाऱ्या. “नवीन कुणी आलं की मुलं पहिल्या दिवशी नाव विचारतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, तू किती दिवस येणार,” असं त्या सांगतात.

आकडे काय म्हणतात

हा अनुभव केवळ हळव्या निरीक्षणाचा भाग नाही. या विषयावर भारतात जितका काटेकोर अभ्यास झाला आहे तितका फार थोड्या सामाजिक कामांवर झाला असेल. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकल क्रेमर यांच्यासह मिळालं. बॅनर्जी-डफ्लो यांच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांमध्ये झालेला आहे. ‘प्रथम’ची ‘बालसखी’ योजना हा त्याचा विषय. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतल्या दहावी झालेल्या तरुणीनं त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवायचं. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं, मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. दोन वर्षांत या शाळांमधल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सगळ्यात मागं असलेल्यांचे सगळ्यात जास्त. प्रशिक्षित, पगारी शिक्षकाला जे साधत नव्हतं ते बालसखीला साधलं. शिक्षक चाळीस-पन्नास मुलांसमोर अभ्यासक्रम पुरा करत होता. बालसखी मूल जिथं होतं तिथून सुरुवात करत होती.

मग २००५-०६मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात खऱ्या अर्थानं विनामोबदला स्वयंसेवकांची परीक्षा झाली. गावातल्या तरुणांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत दाखवली आणि शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घ्यायला सांगितलं. ६५ गावांपैकी ५५ गावांत वर्ग सुरू झाले, सुमारे साडेसात हजार मुलं आली. ज्यांना आधी काहीच वाचता येत नव्हतं आणि जी वर्गाला गेली, त्यांच्यात अक्षरओळखीचं प्रमाण साठ टक्के-अंकांनी वाढलं. विनामोबदला काम करणाऱ्या गावातल्या पोरांनी हे केलं! पण या प्रयोगाच्या अहवालात दुसरा आकडाही आहे. गावातल्या एकूण मुलांपैकी वर्गाला गेली फक्त आठ टक्के. स्वयंसेवक शोधणं सोपं निघालं; मुलांना बोलावून आणणं, रोज आणणं, हे कुणाच्याच अंगावर नव्हतं.

तिसरा दाखला बिहार आणि उत्तराखंडचा. दोन्हीकडे साधारण एकच साहित्य, एकच पद्धत, स्वयंसेवकही. बिहारमध्ये स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वेगळे वर्ग घेतले आणि मुलं पुढं गेली. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेत दिवसभर बसू लागले, रिकाम्या वर्गावर जाऊ लागले, शिक्षकांचे मदतनीस झाले. मुलांच्या वाचनात फरक पडला नाही.

शिकणाऱ्यांकडूनच शिकवून घेणं, यात नवं काही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधल्या एग्मोरच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवायची पद्धत बसवली. मलबारी मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली होती. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवून घेण्याचं कामही बऱ्याचदा थोरला विद्यार्थीच करत असे. बेलची ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडात गाजली, त्याचं कारण शेकडो मुलांसाठी एकच पगारी शिक्षक पुरतो, हे होतं. स्वस्त शिक्षक हा मोह तेव्हाही होता, आजही आहे. रिक्त पदांच्या जागी कॉलेजची मुलं बसवली की उत्तराखंड होतं. मोजकं, नेमकं काम त्यांच्या हाती दिलं की बिहार.

उत्तर प्रदेशात २०१३-१४मध्ये याचा सगळ्यात घट्ट प्रयोग झाला. ‘प्रथम’चे प्रशिक्षित कार्यकर्ते पुढं, गावातले स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली; दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं, मध्ये खंड, सगळे मिळून सुमारे पन्नास दिवस. मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पायरीनुसार बसवली. शेवटी उतारा किंवा गोष्ट वाचू शकणारी मुलं शिबिरांच्या शाळांत ४९ टक्के, इतर शाळांत २४. पन्नास दिवसांत दुपटीचं अंतर. तारखा ठरलेल्या होत्या, मुलांना आणण्याची जबाबदारी ठरलेली होती, आणि स्वयंसेवक एकटा नव्हता.

दोन वेळापत्रकं

कॉलेजच्या विद्यार्थ्याची अडचण प्रामाणिक असते. जून-जुलैत प्रवेशाची धावपळ, ऑगस्टमध्ये नाव नोंदवलं, सप्टेंबरात गणपती, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा, मग दिवाळीला गावी. डिसेंबरात गॅदरिंग, फेब्रुवारीत प्रात्यक्षिकं, एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा. लहान मुलांचं वर्षही याच वेळापत्रकानं चालतं, आणि दोघांच्या परीक्षा एकमेकींवर आदळतात. मुलाला सगळ्यात गरज असते तेव्हा दादा हॉलतिकिटाच्या रांगेत असतो. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं ऑक्टोबरनंतर गावातच नसतात.

यावर ज्यांनी तोड काढली आहे, त्यांच्या युक्त्या साध्या आहेत. एका गटाला एक नव्हे, दोन ताई-दादा, आणि शक्यतो वेगवेगळ्या शाखांचे, म्हणजे परीक्षा एकाच दिवशी येत नाहीत. प्रत्येक मुलाची एक पातळ वही, तिच्यात आज काय झालं याच्या दोन ओळी, म्हणजे उद्या दुसरं कुणी आलं तरी पुन्हा पहिल्यापासून ‘तुझं नाव काय’ नको. बांधिलकी वर्षाची मागायची नाही. दहा आठवड्यांची मागायची, पण त्यात सुट्टी नाही. आणि वस्तीतलं एक माणूस, किल्ली सांभाळणारं, थोडंफार मानधन घेणारं, पावसातही दार उघडणारं. सगळे विद्यार्थी बदलले तरी हे माणूस बदलत नाही, म्हणून अभ्यासिका टिकते.

काही नियम कडक असावे लागतात. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं बसायचं नाही. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. सायकल, मोबाइल, सहल, असलं काही कबूल करायचं नाही. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. लहान मुलांत काम करणाऱ्याला त्याची माहिती पहिल्याच दिवशी द्यायला हवी. उत्साहाच्या भरात हेच सगळ्यात आधी राहून जातं.

श्रेयांक आणि शिक्के

राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, ही तिची चौकट आजही कॉलेजांत परिचित आहे. रासेयोनं अनेकांना पहिल्यांदा दत्तक गावात नेलं, श्रमदान शिकवलं. पण तास मोजणारी योजना तासच निर्माण करते. एका रविवारी शंभर विद्यार्थी एका शाळेत उतरतात, भिंत रंगवतात, मुलांना खाऊ वाटतात, बॅनरसमोर फोटो निघतो आणि प्रत्येकाच्या डायरीत सहा तासांवर शिक्का बसतो. सहाशे तास झाले. एका मुलाला रफार समजला नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य आणि लोकसहभागाच्या प्रकल्पांना श्रेयांक दिले आहेत. त्याच धोरणात आणि २०२१च्या ‘निपुण भारत’ अभियानात पायाभूत वाचन-गणितासाठी समाजातल्या स्वयंसेवकांना हाकही आहे. म्हणजे मागणी आणि पुरवठा एकाच कागदावर आले आहेत. त्यातून पुन्हा शिक्केच निघतील, की काही वेगळं, हे प्राचार्य आणि कार्यक्रम अधिकारी काय मोजतात यावर ठरेल.

श्रेयांकाला नाक मुरडण्याचं कारण नाही. ज्याला सुट्टीच्या दिवशी घरखर्चासाठी डिलिव्हरीचं काम करावं लागतं, त्याला ‘निःस्वार्थ सेवा’ सांगणं सोपं असतं. सेवेला वेळ फक्त सुखवस्तू घरातल्या मुलांनाच असावा, आणि अडखळत शिकलेली, मुलांना खरोखर उपयोगी पडणारी पोरं बाहेर राहावीत, ही विसंगती श्रेयांकानं, प्रवासखर्चानं, थोड्या मानधनानं कमी होते. बालसखीला पाचशे-साडेसातशे रुपये मिळत होते, म्हणून तिचं काम कमी मोलाचं ठरलं नाही.

तेव्हा येत्या सत्रात ज्या महाविद्यालयांना हे काम करायचं आहे, त्यांनी तासांचा रकाना बाजूला ठेवावा. सत्राच्या आरंभी प्रत्येक मुलाची पायरी नोंदवावी: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. दहा आठवड्यांनी तीच नोंद पुन्हा करावी. शेजारी लिहावं, या मुलाच्या ताईनं ठरलेल्या दिवसांपैकी किती दिवस हजेरी लावली. हे दोन रकाने जवळजवळ ठेवले की कुणाला श्रेयांक द्यायचे, कुणाचा गट बदलायचा, कुठं मदत कमी पडली, हे भाषणाशिवाय कळेल. ज्या विद्यार्थ्याला दहा आठवडे जमणार नाहीत, त्यानं तसं सांगावं आणि अभ्यासिकेला पुस्तकं आणून द्यावीत, कपाट लावून द्यावं; तेही काम आहे. पण जो मुलांसमोर बसेल, त्यानं शेवटच्या आठवड्यापर्यंत यावं. तेवढं कबूल करता येत नसेल, तर गट हातात घेऊ नये.